डेक्लनच्या रायफलचे चार इंच

फौजेतून रिटायर झालो, पण पोस्टिंग काही सुटलं नाही. सध्याचं पोस्टिंग कासलबार, आयर्लंड. कमांडिंग ऑफिसर माझी मुलगी मानसी, इथल्या हॉस्पिटलात नर्स. माझी ड्यूटी म्हणजे नातीला शाळेत सोडणे, कचऱ्याचे डबे बाहेर ठेवणे आणि प्रेसमध्ये भांडी लावणे. कपाटाला इथे प्रेस म्हणतात, हे कळेपर्यंत मी दोन दिवस घरभर इस्त्री शोधत होतो.

मानसीला इथे मेयो काउंटीत नोकरी लागली, तेव्हा पगार वगैरे मी विचारलं नाही. डोंगराच्या पायथ्याचं एक गाव तिथून किती लांब आहे, एवढंच विचारलं. त्या गावचा एक मुलगा माझ्या मांडीवर डोकं ठेवून गेला होता. त्याच्या वडिलांना मला एकदा भेटायचं होतं.

तेव्हा मी हवालदार होतो. दक्षिण लेबनॉनमध्ये शांतिसेनेत, डोक्यावर निळी टोपी. शेजारची बटालियन आयरिश होती. एका टेकडीवरच्या ऑब्झर्वेशन पोस्टवर दोन्हीकडची माणसं एकत्र बसायची. काम एकच: बघा, नोंदवा, रेडिओवर सांगा. कॉर्पोरल डेक्लन तिथे भेटला. तांबूस केस, तोंडाला विसावा नाही. आमचा चहा पिऊन "ग्रँड", म्हणजे झकास, म्हणायचा आणि दुसरा ग्लास पुढे करायचा.

त्याला वेड हरणांच्या शिकारीचं. घरी त्याची स्वतःची रायफल होती, थ्री-ओ-एट, चोवीस इंच नळीची. सुट्टीवर गेलो की चार इंच कापून घेणार, असं तो रोज सांगायचा. मी म्हणायचो, "वेड्या, नळी कापलीस तर गोळीचा वेग जाईल."

"थोडा जाईल. आमच्या जंगलात दीडशे मीटरच्या पुढे दिसतंय काय? लांब नळी झाडीत अडकते. शेवटचे चार इंच नुसते मिरवायला."

माझ्या सेक्शनची मराठी पोरं मला दादा म्हणायची. ते ऐकून डेक्लनही मला दादा म्हणू लागला, आणि म्हणताना दर वेळी हसायचा. मला वाटायचं, उच्चार जमत नाही म्हणून हसतोय.

एका दुपारी पाण्याचा टँकर आला होता. डेक्लन खाली पाण्याचा पाइप लावून घेत होता, सोबत टँकरचा ड्रायव्हर. समोरच्या खोऱ्यात पहिला तोफगोळा पडला. रेडिओ बोलला.

"ऑल स्टेशन्स, शेल्टर, शेल्टर. अ‍ॅकनॉलेज."

"पोस्ट टू, रॉजर. टू मेन आउटसाइड. ओव्हर."

दुसरा गोळा टँकरजवळ पडला. कुणाचा होता, ते कधी कळलं नाही. मी पोहोचलो तेव्हा ड्रायव्हर वाळूच्या पोत्यांमागे होता. त्याला खरचटलंसुद्धा नव्हतं. डेक्लनने त्याला आत ढकललं होतं आणि स्वतः बाहेर राहिला होता. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं, फील्ड ड्रेसिंग दाबून धरलं. रक्त थांबेना. तो दोनदा काहीतरी म्हणाला. मला ऐकू आलं, दादा. मी म्हटलं, "आहे मी. इथेच आहे." त्याने माझा हात दाबला. त्यानंतर तो बोलला नाही.

त्याच्या वडिलांचं नाव मिक. वय पंचाहत्तरच्या पुढे, घरात ते आणि एक कुत्रा. कासलबारला आल्यावर मी त्यांच्या दारात उभा राहून कोण ते सांगितलं. त्यांनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. वडीलधाऱ्या माणसाला नुसतं मिक म्हणणं माझ्या जिभेला जमेना, म्हणून निघताना म्हटलं, "येतो, मिकदादा." ते चमकून माझ्याकडे बघत राहिले.

घरी आल्यावर मानसीला हे सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, इथे डा म्हणजे वडील. लहान मुलं डाडा पण म्हणतात."

मी हातातला कप खाली ठेवला. टेकडीवरचं त्याचं हसणं मला तेव्हा कळलं. आणि शेवटचे दोन शब्द, जे मी इतकी वर्षं स्वतःचे समजून जपले होते, ते माझे नव्हतेच. डेक्लन आपल्या बापाला हाक मारत होता. हे मिकदादांना सांगायचं कसं? आणि न सांगता त्यांच्यासमोर चहा प्यायचा कसा?

मी दर शनिवारी जाऊ लागलो. डेक्लनची रायफल आता त्यांच्या लायसन्सवर होती. कान वाचावेत म्हणून नळीच्या तोंडाला मॉडरेटर लावलेला, म्हणजे आवाज दाबणारा डबा. आधीच लांब नळी, त्यात हा डबा, सगळं वजन पुढे. त्यांचा हात आता थरथरायचा. गेल्या हंगामात ऐन वेळी नळी फांदीला अडली, गोळी सरकली आणि एक हरीण जखमी होऊन पळालं. दिवसभर माग काढून ते शेवटी सापडलं.

"पुन्हा असं झालं तर रायफल जमा करेन," ते म्हणाले.

"नळी कापून घ्या ना."

"नाही. वेग जातो. लंगडी रायफल मला नको."

मला माहीत होतं ते सांगितलं. काडतुसातल्या दारूचा गॅस गोळीला ढकलतो तो गोळी नळीत असेपर्यंत, म्हणून लांब नळीला वेग जास्त, हे खरं. पण सगळा जोर सुरुवातीला. पुढच्या एकेका इंचाला सेकंदाला वीस-तीस फूट, बस. दीडशे मीटरवरच्या हरणाला तो फरक कळणारही नाही.

"तुला काय माहीत?"

"मला नाही, डेक्लनला माहीत होतं. सुट्टीवर आल्यावर तो हीच नळी चार इंच कापणार होता. रोज सांगायचा."

ते उठले, कुत्र्याला शीळ घातली आणि बाहेर निघून गेले. मला वाटलं, संपलं. आता हा माणूस मला दारात उभा करणार नाही.

तीन आठवड्यांनी फोन आला. "कापून आणली. येतोस?"

कापल्यावर रायफल पुन्हा झीरो केली, म्हणजे तिचा नेम जुळवून घेतला. वेग मोजायचं यंत्र त्यांनी गन क्लबातून आणलं होतं. आधीचा आकडा त्यांनी घेऊन ठेवला होता. फरक सेकंदाला शंभर फुटांच्या आत.

"एवढाच?" त्यांनी विचारलं. चिडल्यासारखे वाटले. इतकी वर्षं लांब नळी कशाला जपली, असं काहीतरी त्यांच्या मनात असावं.

दुसऱ्या सकाळी डोंगरावर गेलो. माझ्याकडे लायसन्स नाही, मी फक्त दुर्बीण धरली. झाडीच्या कडेला एक हरणी बाहेर आली. मिकदादांनी रायफल फांद्यांमधून सहज वळवली. एक गोळी, हरणी जागीच कोसळली. ते तिच्यापाशी गेले आणि टोपी काढून क्षणभर उभे राहिले.

मग दगडावर बसून त्यांनी फ्लास्क उघडला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "डेक्लनला काही कळलंच नाही, असं ऑफिसर सांगून गेला होता. सगळ्यांना तसंच सांगत असतील. शेवटी बोलला का तो काही?"

मी सांगितलं. "डाडा म्हणाला. दोनदा. मला वाटलं, मला बोलावतोय. माझी पोरं मला दादा म्हणायची. हाक तुमची होती, मिकदादा. मी घेतली."

"आणि तू काय केलंस?"

"ओ दिली. आहे मी, इथेच आहे, म्हटलं."

ते कापलेल्या नळीचं तोंड फडक्याने पुसत राहिले. आधीच पुसून झालं होतं.

"ऐकलं त्याने?"

"ऐकलं. माझा हात दाबला होता."

"मग ग्रँड," ते म्हणाले.

उतरताना धुकं आलं. हरणीला ओढत ते पुढे गेले आणि मला दिसेनासे झाले. पायाखाली चिखल होता, वाट कळेना. मी हाक मारली, "मिकदादा!"

खालून लगेच ओ आली. "आहे मी. इथेच आहे."