लगीन गेलं मामाकडं

परभणीहून निघालो ते चारठाण्याची जुनी देवळं बघायला. बांगलादेशच्या लढाईनंतरची दोन-तीन वर्षं असतील. एसटीच्या धक्क्यांनी दाढेनं असा ठणका धरला, की मधल्याच एका गावी (नाव मुद्दाम लिहीत नाही) उतरलो. हॉटेलवाला म्हणाला, "चिनी डॉक्टरकडं जावा. हात लय हलका हाय."

वाँग डॉक्टर जन्मले कलकत्त्यात, बोलणं मात्र अस्सल मराठवाडी. दाढ काढून झाल्यावर भिंतीवरचा फोटो दिसला: लष्करी वेषातले तरुण डॉक्टर आणि शेजारी एक मराठी जवान.

"आमचा किसन, चारठाण्याचा. महायुद्धात बर्म्याला मी आपल्या फौजेची लॉरी चालवायचो. ह्याला गोळी लागली, तवा जंगलातून घेऊन आलो. मंग त्यानंच मला हिकडं आणलं."

किसन आता नव्हता. त्याच्या बायकोला, सोजरबाईला, सख्खा भाऊ नाही. ती दरवर्षी येऊन डॉक्टरांनाच ओवाळायची. दुसऱ्या दिवशी तिच्या लेकीचं, शोभाचं लग्न होतं, आणि नवरीला मांडवात आणायचा मान मामाचा.

"मग चला की माझ्याबरोबर!" मी म्हणालो.

डॉक्टर नुसते हसले. चीनशी लढाई झाली तेव्हा चिनी वंशाचा म्हणून ह्या माणसाला उचलून छावणीत डांबलं होतं. सुटले, पण गाव सोडायचं तर अजूनही इजाजत (परवानगी) लागायची. अर्ज कधीचा पडून होता. मी तावातावानं ठाण्यात गेलो. हवालदार बिचारा भला निघाला. "साहेबांची सही न्हाई, मी काय करू? आमालाबी वाईट वाटायलंय."

सकाळी चारठाणा गाठलं. देवळं राहिली बाजूला. डॉक्टरांना येता येत नाही, हे सांगायला थेट सोजरबाईच्या दारी गेलो. ती चुलीपुढून उठलीच. "मामाबिगर लगीन? न्हाई व्हायचं. त्यांना येऊ देईनात, तर लगीनच तिकडं न्यायचं!"

वऱ्हाडातला एकजण कुरकुरला, "त्या चिन्यासाठी एवढं?"

"चिनी आसंल तुमचा. माझा भाऊ हाय!"

नवरदेवाच्या बापानं उठून बैल जुंपले.

दुपारी दवाखान्यापुढं बैलगाड्या येऊन थांबल्या. सोजरबाईनं घरून आणलेली बुद्धांची तसबीर लिंबाखाली मांडली. डॉक्टर फेटा बांधून बाहेर आले, शोभाचा हात धरून तिला तसबिरीपुढं आणलं आणि ढसाढसा रडले. मीही रडलो, त्यात लाज कसली! जेवायला हवालदारही आला होता. त्याला वाढता वाढता सोजरबाई म्हणाली, "माझ्या मालकाला मरणाच्या दाढंतून आणलं, तवा कुणाची इजाजत इचारली व्हती ह्यांनी?" माझ्या पुढ्यात गरम बुंदी, आणि चावायची सोय नाही!

आज इतक्या वर्षांनी डोळे मिटले, तरी ती संध्याकाळ दिसते. वऱ्हाड परत निघालं. डॉक्टर गाड्यांबरोबर वेशीपर्यंत चालत आले आणि तिथंच थांबले. शोभा वळून वळून बघत होती. मी परभणीची एसटी धरली. कंडक्टरनं फक्त "कुठं जायचं?" विचारलं आणि तिकीट फाडलं. ज्या देशात मी कुठंही जाऊ शकत होतो, त्याच देशासाठी तो माणूस लढला होता. आणि त्याचा देश त्या वेशीपाशी संपत होता.