लग्नाच्या दुपारी पूर्वेला चढलेला ढग

सांगलीला हवामान खात्यात नोकरी लागली, तेव्हा मी साताऱ्याहून एक ट्रंक आणि एक स्टोव्ह घेऊन आले. सत्तरच्या दशकातली ती पहिली वर्षं. घरमालक लष्करातून निवृत्त झालेले सुभेदार होते. ठरल्या वेळी तापमान, वारा, ढग बघायचे आणि तारेनं पुण्याला कळवायचे, एवढंच माझं काम. अंदाज पुण्याहून निघायचा. पण गल्लीत मी ‘पावसाच्या बाई’ झाले होते. वाळत घातलेली हळद गोळा करावी का, हे विचारायला बायका थेट माझ्या दाराशी यायच्या.

सुभेदारांच्या धाकट्या लेकीचं लग्न मे महिन्यात ठरलं, इस्लामपूरजवळच्या त्यांच्या गावी.

“बाई, त्या दिवशी वळीव हाय का न्हाई, येवढंच सांगा,” ते रोज सकाळी विचारायचे.

“काका, वळवाचं इतकं आधी नाही हो सांगता येत. एका शिवाराला झोडपतो आणि शेजारच्यात थेंब नसतो. त्या दिवशी दुपारी आभाळ बघूनच काय ते कळेल.”

“मग तुमी लग्नाला यायचंच. ठरलं.”

लग्नादिवशी सकाळच्या नोंदी करून मी एसटी धरली. हवेत दमटपणा फार होता, तो मी नोंदींत बघितलाच होता. गावात उतरले तर अंगाला पातळ चिकटत होतं. वारा साफ पडलेला. जेवणाच्या सुमारास पूर्वेला एक पांढरा ढग दिसला. बघता बघता तो उंच चढला, माथ्याशी सपाट होऊन ऐरणीसारखा पसरला, आणि बूड काळंनिळं झालं.

मोकळ्या रानात मांडव होता. वर पत्रे, खाली पंगत बसायच्या बेतात. मी सुभेदारांना बाजूला घेतलं.

“काका, माणसं शाळेत हलवा. वारा सुटला तर हे पत्रे उडतील.”

“खात्री हाय?”

“खात्री नाही. पण माझ्या घरचं कार्य असतं तर मी हलवली असती.”

त्यांनी एकदा आभाळाकडे बघितलं आणि कवायतीच्या मैदानावरचा आवाज काढला. “चला रं, समदे शाळंत! म्हातारी अन् पोरं पयली!”

शिराळ्याकडून आलेले नवऱ्या मुलाचे चुलते भडकले. “मांडव सोडून शाळंत पंगत? आमी काय उघड्यावर पडलोय व्हय?”

कुरकुर करत सगळे शाळेत गेले. धूळ उठली, दोनदा कडकडलं, मांडवाची झालर फाटली. मग ढग गावाला बगल देऊन पश्चिमेला, शिराळ्याच्या अंगाला सरकत गेला आणि लख्ख ऊन पडलं. व्हरांड्यात हशा पिकला. “पावसाच्या बाई, पाऊस कुठं ठिवला?” कुणीतरी ओरडलं. मला तिथून उठून सरळ एसटी स्टँड गाठावंसं वाटलं.

सुभेदार स्वतः माझं ताट घेऊन आले. “सीमेवर आमी किती येळा खंदक खणलं अन् गोळा आलाच न्हाई. म्हून खंदकाला कुणी हसलं न्हाई. जेवा निवांत.”

मी जेवले. उन्हं कलताना मांडवातच अक्षता पडल्या.

दोन-तीन दिवसांनी नवी नवरी माहेरी सांगलीला आली. तिला पोचवायला तेच चुलते आले होते. चहा घेताना ते म्हणाले, “वऱ्हाडाचा ट्रक शिराळ्याच्या वाटंला लागला, तर चरात गारा साचलेल्या. एका गोठ्याचं पत्रं बाभळीवर लटकत होतं. लय वंगाळ दिसलं.” मग माझ्याकडे न बघता, “बाई, फुडल्या साली आमच्या पोराचं हाय. मे म्हैन्यात धरावं का?”

“मार्गशीर्षात धरा,” मी म्हटलं.

त्यांनी खरंच मार्गशीर्षात धरलं. मला आमंत्रण आलं. त्या सकाळी गावावर दाट धुकं होतं, आणि त्याबद्दल मला कुणीच काही विचारलं नाही.