शेवटच्या पानापासून

आमच्या कॉलेजात शिष्यवृत्तीच्या खिडकीमागे ज्या बाई बसतात, त्यांची नक्कल माझ्याइतकी हुबेहूब कुणालाच जमत नाही. हे मी नम्रपणे सांगतेय. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, बोट ओल्या स्पंजावर, आणि आवाज असा की नाकातून निघतो, कपाळावर आपटतो आणि मग खिडकीबाहेर येतो: "अहो, पात्र असणं वेगळं, अर्ज पुरा असणं वेगळं. पुढे."

सतरा वर्षांच्या पोरालाही त्या 'अहो'च म्हणतात. आम्ही त्यांना अपूर्णबाई म्हणतो, कारण त्यांच्याकडचा सगळ्यात झिजलेला शिक्का 'अपूर्ण'चा आहे.

अर्ज सुरू झाल्यापासून कँटीनमध्ये माझे रोज दोन खेळ व्हायचे. "अहो, उत्पन्नाचा दाखला यंदाचा लागतो. गेल्या वर्षीचा घरी भिंतीवर लावा." "अहो, साठ टक्के म्हणजे साठ. एकोणसाठ पूर्णांक आठ म्हणजे एकोणसाठ." "अहो, बँकेतलं खातं तुमच्या नावाचं हवं. आजोबांना शिष्यवृत्ती देऊ, तेव्हा आजोबांचं आणा." पोरं पोट धरून हसायची आणि हसता हसता मुकाट्याने आपापले कागद तपासायची. माझ्या नकलेच्या जोरावर चौघींचे अर्ज पहिल्या फेरीत पास झाले. मी हवेत होते. पात्रतेचे सगळे नियम मला तोंडपाठ होते, तेही बाईंच्या खोकल्यासकट.

माझ्या खेळातला हुकमी एक्का म्हणजे बाईंची अर्ज वाचायची तऱ्हा. अर्ज हातात आला की त्या तो उलटा करतात आणि शेवटच्या पानापासून पुढे येतात. मला वाटायचं, सवय असेल. शिपाईकाकांनी खरं सांगितलं. खिडकीवर यायच्या आधी बाई आठ वर्षं तळघरात होत्या. नापास झालेल्या अर्जांचे गठ्ठे सुतळीने बांधायचे, एवढंच काम. "बांधताना वाचायच्या," काका म्हणाले. "चूक बघावी तर शेवटच्या पानावर. पहिल्या पानावर सगळेच शहाणे असतात गं. दमतात ते शेवटी." म्हणून खिडकी मिळाल्यापासून त्या शेवटापासून सुरू करतात, म्हणजे चूक खिडकीतच सापडते आणि तळघरातला गठ्ठा लहान होतो. हे ऐकून मला गलबलून वगैरे आलं नाही. मी ते खेळात घातलं आणि सुतळी बांधायचा अभिनय केला. जास्त हशा आला.

माझा स्वतःचा अर्ज मी शेवटच्या दिवशी नेला. कलाकार उशिराच येतात. शिष्यवृत्ती मिळाली तर कॉलेजचं दुसरं वर्ष, नाहीतर मावशीच्या दुकानात उभं राहून कापडाच्या घड्या, हे घरात ठरलेलं होतं. पण मला काळजी कसली? नियमांची आई मीच.

बाईंनी अर्ज उलटा केला. शेवटचं पान, पालकाची सही. बोट तिथेच थांबलं. मग त्यांनी आतून उत्पन्नाचं घोषणापत्र काढलं, दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"अहो, ही सही वडिलांची?"

"हो."

"ही वडिलांची *होती*," बाई म्हणाल्या.

माझे बाबा पत्र्याच्या कारखान्यात आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांचा अंगठा यंत्रात चिरडला. त्याआधी त्यांची सही म्हणजे वेलबुट्टी होती, शेवटच्या अक्षराला अशी गिरकी की पाहत राहावं. ती मी सातवीपासून करते, प्रगतिपुस्तकावर, सहलीच्या परवानगीवर, मागेल तिथे. आता बाबा सही करतात तेव्हा पेन दोन बोटांत धरतात आणि अक्षरं पायऱ्या चढताना दम लागल्यासारखी येतात. घोषणापत्रावर त्यांनी तहसीलच्या साहेबासमोर स्वतः केलेली तशी सही होती आणि खाली साहेबाने अंगठ्याच्या अपघाताची नोंद केली होती. अर्जावर मी माझी नेहमीची ठोकली होती. बाबांना त्रास नको म्हणून, असं मी सांगणार होते. खरं तर मला ती नवी सही बघवत नव्हती आणि माझी जास्त देखणी होती.

आता काहीतरी बोलायला हवं होतं. माझ्याकडे पंचवीस जणांचे आवाज आहेत. त्या वेळी माझा स्वतःचाही सापडेना.

बाईंनी अपूर्णचा शिक्का उचलला. मग तो पॅडवरच ठेवला, खणातून शेवटच्या पानाची कोरी प्रत काढली आणि खिडकीतून सरकवली. "पाचला खिडकी बंद. आत्ता साडेतीन. सही करणारा माणूस आणा."

मी फोन केला. बाबा सायकल हाणत आले, शर्टावर पत्र्याचा कीस, कपाळावर घाम. पावणेपाच वाजले होते. सगळं ऐकून त्यांनी हात पँटला पुसले. खिडकीच्या कठड्यावर कागद ठेवला, पेन दोन बोटांत धरलं आणि सुरू केलं. पहिलं अक्षर झालं. रांगेतला एकजण पुटपुटला, "अहो, लवकर आटपा की."

"अहो," बाई नाकातूनच म्हणाल्या, "सही चालू आहे."

त्यांनी एकदाही 'पुढे' म्हटलं नाही. झाल्यावर दोन्ही सह्या जुळवल्या, ओलं बोट फिरवत पान पान मागे जात पहिल्या पानावर आल्या आणि पोचपावतीवर शिक्का मारला. मग म्हणाल्या, "पुढे."

बाहेर सायकलचं कुलूप काढताना बाबा म्हणाले, "माझीच सही करायची होती, तर आत्ताची तरी करायचीस."

"ती मला येत नाही," मी म्हणाले. हे खोटं नव्हतं.

महिन्याने यादी लागली. माझं नाव एकविसावं आहे, शेवटून तिसरं. मीही ती शेवटापासूनच वाचली. कँटीनमध्ये खेळ पुन्हा सुरू झालेत. बाई येतात, काका येतात, सुतळी येते, आणि आता खिडकीसमोर तोंड उघडं टाकून उभी असलेली एक अतिशहाणी मुलगीही येते. तिला सगळ्यात जास्त हशा मिळतो. बाबांची नवी सही मात्र मी वहीच्या मागच्या पानावर चाळीसेक वेळा करून पाहिली. प्रत्येक वेळी शेवटी ती गिरकी आपोआप येते आणि सगळा घात होतो.