बाबा करतील

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी बेळगावात एका दुकानासमोर उभा होतो. मुलाचा कॉलेजचा प्रोजेक्ट घ्यायला... तिथं तो तयार मिळतो, वर फक्त नाव घालायचं असतं. वहिनी एवढंच म्हणाल्या, "भावजी, हे गेले ओ." तरी मी आधी प्रोजेक्ट पिशवीत घातला आणि मग उचगावची वाट धरली. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

अण्णा माझा थोरला भाऊ. बेळगावजवळच्या मच्छे गावातल्या कारखान्यात फिटर, घरची थोडी शेती, आणि दिवाळीत गल्लीतल्या पोरांचा किल्ला. बांधायचा पोरांनीच, अण्णा पोत्यावर बसून माती चाळून द्यायचा. कुणाचे हात चिखलात आणि डोळे रस्त्यावर दिसले की म्हणायचा, "हातात जीव आण रं. जीव तिकडं फिरायला गेलाय तुझा."

माझा मुलगा तिसरीत असताना दिवाळीला उचगावला अण्णाकडं होता. त्यानं आपला वेगळा किल्ला मांडलेला, स्पर्धेत नावही दिलेलं. बुरूज रोज ढासळायचा, तो रोज नव्यानं बांधायचा, हाक मारली तरी जेवायला उठायचा नाही. मला ते बघवेना. म्हटलं, "अण्णा, परीक्षक आल्यावर पडला तर?"

"पडंल की."

"मग?"

"मग काय, परत बांधंल. त्याला येळ हाय. तुलाच न्हाय."

स्पर्धेच्या सकाळी अण्णा आणि पोरगा किल्ल्यावर लावायला शेतातनं हिरवळ आणायला गेले. मी बेळगावातनं एक मूर्तिकार गाठून ठेवलेला, त्याला बोलावून घेतलं. ते परत येईपर्यंत बुरूज ताठ उभे, तटाला काळा रंग. हिरवळीची बुट्टी धरून पोरगा जागच्या जागी थांबला. "बाबा, आता मी काय करू?"

"तू नुसता शेजारी उभा राहा."

पहिलं बक्षीस मिळालं. मी फोटो काढत होतो...

संध्याकाळी अण्णा त्याला म्हणाला, "चल रं, परसात दुसरा बांधू." चकली खाता खाता तो म्हणाला, "कशाला? बाबा करतील." अण्णानं माझ्याकडं बघितलं आणि मातीची चाळण उचलून आत नेली. बोलला असता तर बरं झालं असतं. पुढं चित्रं, निबंध, अर्ज, सगळं मीच करत आलो. मुलगा वाईट नाही. कशातच जीव ओतत नाही, इतकंच. आणि ते त्याला मी शिकवलं. अण्णाला ते दिसायचं, म्हणून मी उचगावला जाणं कमी केलं. कामाची सबब सांगत राहिलो.

परवा परत उचगावला गेलो. परसात ह्या दिवाळीचा किल्ला अजून आहे, वहिनींनी मोडू दिलेला नाही. पायऱ्या वाकड्या, एक बुरूज दुसऱ्याहून बुटका. वाळलेल्या मातीवर बोटांचे ठसे तसेच राहिलेत. मी उकिडवा बसून त्यात अण्णाचं बोट शोधत राहिलो... पुढनं, मागनं, तटाच्या आतनंसुद्धा. सगळी बोटं लहान पोरांची होती.