आधीच्याचं उरलेलं

इतकी वर्षं पायथन या संगणकाच्या भाषेत काम केल्यावर आता मी सी ही जुनी भाषा शिकतोय. आज ऑफिसात एक व्हेरिएबल, म्हणजे आकडा ठेवायची नाव दिलेली जागा, घेतलं आणि त्यात काहीच न ठेवता ते पडद्यावर छापलं. पायथनने तिथेच अडवलं असतं. सीने निमूटपणे ३२७६४ दाखवले. शेजारच्या टेबलावरच्या जोशीबाईंना विचारलं, "हा आकडा आला कुठून?"

"आधी तिथे जे होतं, त्याचं उरलेलं," त्या म्हणाल्या. "सी जागा देते, झाडून देत नाही. सुरुवातीचं शून्य तुम्हीच ठेवायचं."

संध्याकाळी भाड्याच्या खोलीवर आलो. कपाटाच्या दाराला आतून आधीच्या भाडेकरूच्या मुलाचं शाळेचं वेळापत्रक चिकटलेलं आहे. शनिवारी पी.टी., पांढरे बूट. महिनाभर तसंच आहे. आज काढून टाकू म्हणून कोपऱ्याला नख लावलं, आणि आठवलं.

बायको गेल्यावर आमचं घर सोडलं, तेव्हा मीही एक कागद कपाटात तसाच ठेवून आलो. तिच्या गोळ्यांच्या वेळा, माझ्या अक्षरात. सात, दीड, नऊ. आता तिथे कोणी राहत असेल. कपडे ठेवताना त्यालाही प्रश्न पडत असेल, हे आकडे आले कुठून.