युफोनियमचा पार्ट

युफोनियम वाजलंच नाही.

बाकीचे चौघे थोडे पुढे गेले आणि थांबले. मी पुन्हा हात वर केला. पुन्हा तेच. शंकरराव ते भलंमोठं पितळी वाद्य मांडीवर घेऊन समोरच्या कागदाकडे नुसते बघत बसले होते.

मी नांदेडला एका सरकारी बँडचा बँडमास्टर होतो. खात्याचं नाव सांगत नाही. एकेकाळी माझ्या हाताखाली चोवीस वाजवणारे होते. माणसं रिटायर होत गेली, जागा भरल्या नाहीत, उरले पाच. साहेब म्हणाले, "पाच जणांचा कुठं बँड असतो का? मुक्तिसंग्राम दिनाला हुतात्मा स्मारकावर वाजवून दाखवा. नाही जमलं तर बँड बंद, सगळ्यांना ऑफिस ड्यूटी."

चोवीस जणांसाठी लिहिलेलं संगीत पाच जणांत वाजवलं की मध्येमध्ये भोकं पडतात. पाच वाद्यांसाठी वेगळं लिहिलेलं लागतं. खरेदीची फाइल हलेपर्यंत वर्ष गेलं असतं, म्हणून नेटवर फुकटचं शोधायला बसलो. एका साइटवर फक्त पहिलं पान फुकट. दुसरीकडे सगळं फुकट, पण पार्ट नाहीत. पार्ट म्हणजे प्रत्येक वाजवणाऱ्याचा स्वतंत्र कागद. आठव्या दिवशी, परदेशातल्या कुणा रिटायर मास्तरानं स्वतः रचून सगळ्यांसाठी मोफत ठेवलेली एक संथ धून सापडली. पाचही पार्ट होते. मी हरखून प्रिंट काढले. कार्यक्रमाला चार दिवस राहिले होते.

आणि आता हे. चौघांना चहाला पाठवलं.

"शंकरराव, तब्येत बरी नाही का?"

"तब्येतीला काय न्हाई मास्तर." ते मुखेडकडचे, बोलणं मोजकं. "मला हे वाचता येत न्हाई."

"पार्ट अवघड आहे का?"

"नोटेशनच वाचता येत न्हाई. कवाच आलं न्हाई."

एकोणीस वर्षं हा माणूस माझ्यासमोर वाजवत होता!

"मग आजवर काय केलंत?"

"बाजूला युसूफभाई हुता न्हवं. त्यो वाजवायचा, म्या ऐकून धरायचो. त्यो रिटायर झाला. आता ह्यो पार्ट माझ्या एकट्याचाच हाय."

संताप आला, पण भीती जास्त वाटली. वर कळलं असतं तर बँड गेला असता आणि शंकररावांची नोकरीही. मी माझा कॉर्नेट, म्हणजे छोट्या ट्रम्पेटसारखं वाद्य, काढला आणि त्यांचा पार्ट वाजवला. दुसऱ्या खेपेला ते बरोबरीनं आले. तिसऱ्या खेपेला त्यांनी मलाच थांबवलं.

"हितं मगाशी वर गेलता तुमी."

कागद बघितला. चूक माझी होती.

स्मारकावर धून सुरेख झाली. साहेब म्हणाले, "बँड राहू द्या. फक्त वर पाठवायला, तुम्ही दर वर्षी घेता त्या वाचन परीक्षेचं रजिस्टर आणून द्या."

रजिस्टर उघडलं. शंकररावांच्या नावापुढे दर वर्षी 'नोटेशन वाचन : उत्तम'. खाली सही माझी.

"तुम्ही पास कसे झालात हो?"

"कागद एकच असतोय की मास्तर, दर साली. युसूफभाईनं पाठ करून घेतला हुता."

रजिस्टर मी तसंच वर पाठवलं आणि दुसऱ्या दिवसापासून शंकररावांना रोज अर्धा तास शिकवायला घेतलं. परीक्षा घेणाऱ्यांना एवढंच सांगतो, कागद दर वर्षी बदलत जा. मी आळस केला.