भूकंपाचं पोट

लातूरच्या ट्यूशन एरियात धम्मदीप सोनकांबळे सरांच्या पोटाला मान होता. हसू नका, खरंच होता. फिजिक्स शिकवता शिकवता सर खडू ठेवून "दोन मिनिटं" म्हणत बाहेर गेले, की मागच्या बाकावरचा एखादा नवा मुलगा खुदकन हसायचा आणि शेजारचा जुना त्याला कोपर मारायचा. "हसू नको बे. भूकंपाचं पोट हाय सरांचं." नवा लगेच गप्प. एरवी असल्या आजाराला लोक चार वंगाळ नावं ठेवतात. सरांच्या आजाराला एकच नाव पडलं आणि तेही इज्जतीचं.

गोष्ट अगदीच खोटी नव्हती. १९९३ साली धम्मदीप चोवीस वर्षांचा होता. हदगावकडचा, घरातला पहिला बी.एस्सी., औसा तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवायला लागून जेमतेम दोन वर्षं झालेली. तीस सप्टेंबरच्या सकाळी तो दोन मास्तरांबरोबर किल्लारीच्या बाजूला गेला आणि अकरा दिवस तिथून हलला नाही. माती उपसायची, माणूस काढायचा, चादरीत गुंडाळायचा, पुन्हा माती. वरून पाऊस. तिथं काय काय पाहिलं ते त्यानं कधी सांगितलं नाही आणि समजूतदार लोकांनी विचारलंही नाही.

दिवाळी झाली आणि पोट बिघडलं. आधी दिवसातून चार वेळा, मग आठ वेळा, मग रक्त. त्याची आई नागुबाई म्हणाली, "दहशत बसली लेकराच्या पोटात." मुख्याध्यापक तेच म्हणाले, कंपाउंडर तेच म्हणाला. सात वर्षं त्यानं आमांशाच्या गोळ्या खाल्ल्या, कुड्याच्या सालीचा काढा प्याला, बेलाचा मुरंबा चाटला, ताकावर दिवस काढले. कधी दोन-दोन महिने बरं वाटायचं, मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. सांगाड्याला शर्ट घातल्यासारखा दिसू लागला, पण शाळा चुकवली नाही.

दोन हजार साली मुलगी झाली. लुंबिनी. ती सहा महिन्यांची असताना सिंधूनं, त्याच्या बायकोनं, हट्टच धरला. "एक तर नांदेडच्या मोठ्या डॉक्टरला दाखवा, न्हाईतर मी पोरीला घेऊन माहेरी चालले." तो गेला. तिथल्या डॉक्टरबाईंनी आत दुर्बीण घालून पाहिलं आणि चिठ्ठीच्या मागं पेनानं मोठं आतडं काढून दाखवलं. आतून सुजलंय, जागोजागी जखमा आहेत. आजाराचं नाव अल्सरेटिव्ह कोलायटिस. हा जात नाही, पण गोळ्यांनी झोपवून ठेवता येतो. बरं वाटलं तरी गोळी सोडायची नाही. पोट भडकलं की मऊ भात, मुगाचं वरण, पिकलेलं केळं. ठेचा, हरभरा, जाड भाकरी तेवढे दिवस बंद. शांत असलं की सगळं खायचं, उगाच उपाशी राहायचं नाही. रोज चालायचं. बाईंनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. हा आजार भीतीनं होत नाही, ताणानं फार तर वर येतो. आणि मुलीला होईलच असं नाही, बहुतेकांच्या मुलांना होत नाही. पण तिला कधी असं रक्त पडलं तर एक दिवससुद्धा वाट पाहू नका.

पहिल्या सगळ्या गोष्टी त्यानं मनावर घेतल्या. शेवटच्या दोन मात्र त्यानं नांदेडच्या बसस्टँडवरच सोडून दिल्या, आणि त्याला मी सरळ दोष देतो. भीतीनं झालेला नाही, तर मग कशानं? उगीचच? ज्या दुखण्यात माणसाला डबा घेऊन पळावं लागतं, धोतर-पँट लपवावी लागते, त्या दुखण्याला किल्लारीची माती लागली होती म्हणून ते सुसह्य होतं. ती माती झटकून टाकायची त्याची हिंमत झाली नाही. आणि भूकंपाचंच असेल, तर मुलीला होण्याचा प्रश्नच कुठं येतो? ती तर नंतर जन्मली.

पुढं तो लातूरला आला. डॉक्टर व्हायला निघालेल्या पोरांनी शहर तेव्हा फुगत चाललं होतं. घराघरावर होस्टेलच्या पाट्या, गल्लीगल्लीत मेस. व्यंकटराव नावाच्या गृहस्थांच्या क्लासमध्ये धम्मदीप सर फिजिक्स शिकवू लागले आणि वर्षा-दोन वर्षांत त्यांचं नाव झालं. त्याच सुमारास केमिस्ट्रीच्या एका सरांना कावीळ झाली. कावीळच, पण लिव्हर गेल्याची हवा उठली आणि अर्धी बॅच समोरच्या क्लासमध्ये गेली. व्यंकटराव सगळ्यांसमोर म्हणाले, "मास्तर धडधाकट पाहिजे. बाप पोरगं सोडायला येतो तेव्हा आधी मास्तरकडं बघतो." सरांनी ते ऐकलं आणि त्या दिवसापासून भूकंप तेवढा बाहेर ठेवला, आजार आणि औषध आत गेलं.

गोळ्या शक्तीच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरलेल्या असत. दाखवायला नांदेड, कारण लातुरात कुणी पाहील. बसचा प्रवास म्हणून आदल्या संध्याकाळपासून पोटात काही घ्यायचं नाही. लुंबिनीला सांगायचं, क्लासचं काम आहे. सिंधू एकदा म्हणाली, "पोरीला तरी सांगा. घरातल्या घरात कसली चोरी?"

"ती मैत्रिणीत बोलंल. आधीच आपल्या माणसाला इथं पाय रोवायला दुप्पट जोर लावावा लागतो. त्यात बिमार म्हणून बोट दाखवायला जागा कशाला द्यायची?"

सिंधूनं पुन्हा विषय काढला नाही. आज ती स्वतःला त्यासाठी माफ करत नाही.

तसं बघितलं तर सरांनी आजार नेकीनं सांभाळला. पहाटे क्रीडा संकुलावर चार फेऱ्या, मग घरी चटईवर सोपी आसनं. अर्धापूरची केळी दारावर यायची, ती सिंधू कागदात गुंडाळून ठेवी. एकदाच, २००९ साली, आठ महिने काहीच त्रास नव्हता म्हणून त्यांनी गोळ्या सोडल्या. सोडल्यापासून दहाव्या आठवड्यात पोट असं उसळलं की स्टेरॉइड घ्यावं लागलं. चेहरा सुजून गोल झाला आणि पोरं म्हणाली, सर गुटगुटीत झाले. सरही हसले. मग २०१६ चा तो उन्हाळा आला, लातूरला रेल्वेनं पाणी आलं तो. नळ महिनोन्‌महिने कोरडे. भडकलेल्या पोटाच्या माणसाला बादलीभर पाणी म्हणजे काय, हे तेव्हा कळलं. सर सोप्या वाटेनं गेले, म्हणजे जेवणंच बंद केली. खाल्लं नाही की जावं लागत नाही. लुंबिनी सोळा वर्षांची होती. ताटावरून उठणारे बाबा ती रोज बघत होती.

अकरावीपासून ती व्यंकटरावांच्याच क्लासला बसू लागली. हुशार होती, बापासारखी उंच, आईसारखी हट्टी. डॉक्टर व्हायचं हे तिनं चौथीतच ठरवलेलं. त्या क्लासचा एक नियम प्रसिद्ध होता. रविवारच्या टेस्टला तीन तास कुणी जागचं हलायचं नाही. लघवीलासुद्धा नाही. खऱ्या परीक्षेत पाच मिनिटं म्हणजे पाच प्रश्न गेले, असा हिशेब. टेस्टच्या आधी संडाससमोर पोरांची रांग लागे आणि सर दरवेळी तेच म्हणत, "टेन्शन हाय, टेन्शन. सगळ्यांनाच असतं. मनातून काढा." नियम व्यंकटरावांचा होता, पण तो सर्वांत कडक पाळत सोनकांबळे सर. ज्याला रोज वर्ग सोडून जावं लागे, त्यानंच दुसऱ्याला जाऊ द्यायचं नाही, हे मला आजही नीट समजत नाही. बहुधा एखादं पोर उठलं की त्यांना स्वतःचंच उघडं पडल्यासारखं वाटत असावं.

२०१७ च्या नोव्हेंबरात एका रविवारी, टेस्ट सुरू होऊन तासही झाला नसेल, भिंतीकडच्या तिसऱ्या ओळीतून हात वर आला. लुंबिनीचा. सरांनी बघितलं. दोनशे पोरं बसली होती आणि त्यातल्या दहा-बारा जणांनी मान वर करून सरांकडंच बघितलं. स्वतःच्या पोरीला सोडतात का, हे बघत होती. सरांनी मान हलवली. नाही. हात एक क्षण तसाच राहिला आणि खाली गेला. ती तीन तास बसली. नंतर सगळी पोरं गेली तरी ती बसूनच होती. मग ओढणी कमरेला गुंडाळून भिंतीच्या कडेकडेनं निघाली. सर तेव्हा पेपर मोजत होते. त्यांना ते दिसलं, पण त्यांनी त्याचा अर्थ लावला नाही.

त्यानंतर लुंबिनीनं शनिवारी दुपारपासून जेवण सोडलं. मग शुक्रवारपासून. सिंधू ताट घेऊन मागं लागे. "चार घास तरी खा गं."

"टेस्ट हाय आई. पोट जड होतंय."

"अहो, पोरगी लई वाळून राहिली," सिंधू सरांना म्हणाली. "संडासात अर्धा-अर्धा तास बसते."

"बारावीचं वर्ष हाय. माझ्या बॅचमधली निम्मी पोरं अशीच हायत. मे महिन्यात परीक्षा झाली की आपोआप नीट होईल."

हे वाक्य म्हणताना त्यांच्या मनात शंका आली होती का? त्यांनी नंतर कबूल केलं की आली होती. एकदा नव्हे, तीनदा. पण प्रत्येक वेळी त्यांनी स्वतःला समजावलं, हिनं कुठं भूकंप पाहिलाय.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात ती क्लासच्या जिन्यात चक्कर येऊन पडली. दवाखान्यात रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन सहाच्याही खाली. डॉक्टर तरुण होता, घाईत होता. त्यानं विचारलं, "रक्त कधीपासून पडतंय?"

"दिवाळीपासून," लुंबिनी म्हणाली.

सिंधूनं तोंडाला पदर लावला. डॉक्टरनं कागदावर लिहीत पुढचं विचारलं. "घरात कुणाला आतड्याचा जुना आजार?"

खोलीत क्लासचे दोन सर होते, व्यंकटरावही होते. बिचारे आपली गाडी काढून तिला घेऊन आले होते. धम्मदीप सरांनी त्यांच्याकडं बघितलं, मग पोरीकडं. "मला आहे," ते म्हणाले. "अल्सरेटिव्ह कोलायटिस. अठरा वर्षं झाली, गोळ्या चालू आहेत."

लुंबिनी मान वळवून बापाकडं बघत राहिली.

लातुरात पाच दिवस शिरेतून स्टेरॉइड दिलं. उतार पडेना. आतडं फुगत चाललं तसं तिला हैदराबादला नेलं आणि तिथं दुसऱ्याच दिवशी मोठं आतडं काढून टाकावं लागलं. जीव वाचला. पोटावर उजव्या बाजूला एक पिशवी आली, तिच्यात सगळं जमा व्हायचं. पुढं आणखी ऑपरेशन करून पिशवी काढता येईल कदाचित, असं डॉक्टर म्हणाले. मे महिन्यातली परीक्षा गेलीच.

ऑपरेशननंतर आठव्या दिवशी दुपारी सिंधू खाली मऊ भात आणायला गेली होती. सर खाटेजवळच्या स्टुलावर बसले होते. इतके दिवस लुंबिनी पाणी, दुखतंय, झोपू द्या, याच्या पलीकडं बोलली नव्हती. आता छताकडं बघत म्हणाली, "बाबा, मी सांगितलं न्हाई कारण मला लाज वाटली."

"कशाची लाज?"

"तुमचं भूकंपाचं होतं. तुमी माणसं काढली. माझं काय? नुसतं टेस्टचं. मला वाटलं, मी भित्री हाय. तुमी न जेवता एवढी वर्षं शिकवलं, मला दोन वर्षं निघंना."

सरांना खूप काही बोलायचं होतं. माझंही भूकंपाचं नव्हतं, असं सांगायचं होतं. नांदेडच्या बाईंनी ते तुझ्या जन्माच्याच साली सांगितलं होतं आणि मला ते ऐकायचं नव्हतं, हे सांगायचं होतं. त्यांनी ते सांगितलंही, अडखळत, मध्येच नाक पुसत. आयुष्यभर हजारो पोरांना न अडखळता शिकवणाऱ्या माणसाला ही चार वाक्यं जोडता येईनात.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "सुरुवातीलाच तुमच्यासारख्या गोळ्या घेतल्या असत्या तर आतडं राहिलं असतं?"

खोटं बोलायला ही शेवटची जागा होती आणि मोह फार होता. "बहुतेक राहिलं असतं," सर म्हणाले.

लुंबिनीनं डोळे मिटले. रडली नाही. बऱ्याच वेळानं, त्यांना वाटलं तिला झोप लागली, तेव्हा ती हळूच म्हणाली, "तुमचा त्रास मी रोज बघितला बाबा. औषध तेवढं तुमी मला दाखवलं न्हाई."

सिंधू भात घेऊन आली. सरांनी ताट हातात घेतलं, भात बोटांनी आणखी मऊ केला आणि पहिला घास लुंबिनीपुढं धरला. तिनं त्यांचा हात बाजूला केला आणि आईकडं तोंड केलं.